रिपोर्ट नॉर्मल, जळजळ तशीच : लघवीच्या संसर्गाचं निदान होतं कसं?

रानजाई · सोमवार, रात्री ९.४०

गेल्या आठ महिन्यांत मला चार वेळा लघवीचा संसर्ग झाला. कागदावर मात्र तो दोनदाच आहे. या फरकामुळेच हा धागा काढते आहे.

पहिल्या वेळी लघवीच्या रुटीन तपासणीत पू-पेशी भरपूर दिसल्या. पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या, दुसऱ्या दिवसापासून उतार पडला. दुसऱ्या वेळी त्रास रात्री सुरू झाला. दर दहा मिनिटांनी जायचं, चार थेंब व्हायचे, तेही कापत जायचे. घरात कुणाच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या होत्या. रात्री एक घेतली, सकाळी एक घेतली आणि मग दवाखान्यात जाऊन कल्चरला, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, लघवी दिली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला : जंतूंची वाढ नाही. मला सांगितलं गेलं की संसर्ग नाहीच, ताण घेऊ नका. तिसऱ्या वेळी सकाळपासून तांब्यावर तांबे पाणी प्यायले, दुपारी रुटीन केली, ती नॉर्मल. पुन्हा तेच उत्तर. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडले. जे सोसतेय ते कागदावर दिसत नाही म्हणून खोटं ठरावं, हे फार लागलं. चौथ्या वेळी पुन्हा पू-पेशी, पुन्हा गोळ्या, पण या खेपेला वेगळ्या.

विचारायचं ते असं. कल्चर कोरं आलं म्हणजे संसर्ग नव्हताच का? रुटीन नॉर्मल असूनही संसर्ग असू शकतो का? आणि दर वेळी औषध बदलतं, ते कशावरून? या विषयावर आपण बायका एकमेकींशीही दबक्या आवाजात बोलतो. इथे मोकळेपणाने लिहूया.

पाणकणीस · सोमवार, रात्री १०.१५

आमच्याकडे याला सरळ 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि पाणी वाढवतात. मला दोन-तीनदा झालं, पाण्यानेच गेलं. लगेच अँटिबायोटिक कशाला?

सूक्ष्मदर्शी · सोमवार, रात्री ११.०५

मी प्रयोगशाळेत काम करते, रोज लघवीची कल्चर लावते. रानजाई, तुमच्या दुसऱ्या रिपोर्टचं कारण तुम्हीच लिहिलं आहे : त्या दोन गोळ्या. पोटात गेलेल्या बऱ्याच अँटिबायोटिकचा मोठा भाग लघवीतून बाहेर पडतो. तुम्ही दिलेल्या नमुन्यात जंतू असतीलही, पण त्यांच्यासोबत औषधही होतं. अशा नमुन्यातून आमच्या प्लेटवर काहीच उगवत नाही आणि आम्ही प्रामाणिकपणे लिहितो, 'वाढ नाही'. रिपोर्ट चुकीचा नव्हता. तो गोळी घेतल्यानंतरच्या लघवीचा होता, आणि हे फॉर्मवर कुठेच नव्हतं. आम्हाला नमुन्याबरोबर 'अँटिबायोटिक चालू' एवढे दोन शब्द मिळाले तरी फार फरक पडतो.

तिसऱ्या वेळेचंही सांगते. रुटीनमध्ये लघवीत एक पट्टी बुडवतात, तिच्यावरचे दोन चौकोन महत्त्वाचे. एक पांढऱ्या पेशींमधल्या विकराचा (एन्झाइमचा), त्यावरून पू-पेशी कळतात. दुसरा नायट्राइटचा. लघवीत नायट्रेट असतंच, ई. कोलायसारखे आतड्यातले जंतू त्याचं नायट्राइट करतात. पण त्यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास तरी थांबायला हवी. तुम्ही दर दहा मिनिटांनी जात होतात आणि वर भरपूर पाणी पीत होतात. लघवी पातळ झाली, जंतूंना वेळ मिळाला नाही, पू-पेशीही विरळ झाल्या. शिवाय काही जंतू नायट्राइट तयारच करत नाहीत, एन्टेरोकोकस त्यातलाच. म्हणून नायट्राइट आलं तर संसर्गाकडे बोट दाखवतं, पण आलं नाही म्हणून संसर्ग नाही असं म्हणता येत नाही. जमेल तेव्हा सकाळची पहिली लघवी द्यावी.

रानजाई · मंगळवार, सकाळी ७.२०

हे मला आठ महिन्यांत एकानेही सांगितलं नव्हतं. 'गोळी घेतलीत का?' असं बाटली घेतानाही कुणी विचारलं नाही. नमुना द्यायची पद्धतही नीट सांगाल का? मला फक्त बाटली हातात मिळाली होती.

सूक्ष्मदर्शी · मंगळवार, दुपारी १.३०

सांगते, कारण आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांतले कितीतरी इथेच बिघडतात.

हात धुवायचे. बाटली निर्जंतुक, झाकण वेळ आल्यावरच उघडायचं आणि आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. एका हाताने योनीच्या बाहेरच्या घड्या बाजूला धरायच्या, पुरुषांनी पुढची कातडी मागे घ्यायची. पहिली धार सोडून द्यायची, कारण ती बाहेरच्या त्वचेवरचे जंतू धुऊन नेते. धार न तोडता मधली लघवी बाटलीत घ्यायची, उरलेली पुन्हा सोडायची.

मग वेळ. नमुना तासा-दोन तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. पोचणार नसेल तर फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या आसपास, आणि २४ तासांच्या आत. पोषक वातावरणात ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. म्हणजे तीन तासांत एकाचे पाचशेच्या वर. उबदार पिशवीत दुपारभर फिरलेली बाटली खोटा आकडा दाखवणारच.

रिपोर्टवर 'मिश्र वाढ' किंवा तीन-चार प्रकारचे जंतू लिहिले असतील, किंवा रुटीनमध्ये एपिथेलियल, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या, पेशी खूप असतील, तर बहुतेक वेळा तो संसर्ग नसतो, नमुन्यात त्वचा मिसळलेली असते. अशा कागदावर औषध सुरू करण्यापेक्षा नमुना पुन्हा द्यावा.

निदानवेडी · मंगळवार, रात्री १०.५०

मी फिजिशियन आहे. रानजाईंचा पायऱ्यांवरचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. तुम्हाला काय होतंय हे ऐकणं हाच या आजारात सगळ्यात चांगला तपास आहे, आणि नेमका तोच वगळला गेला.

लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, आणि सोबत अंगावरून पांढरं जाणं किंवा खाज नसणं. एखाद्या बाईला हे एकदम झालं असेल तर मूत्राशयाचा संसर्ग असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. पट्टी नकारात्मक आली म्हणून ती शक्यता पुसली जात नाही, थोडी कमी होते इतकंच.

आता कल्चरमधल्या त्या प्रसिद्ध 'एक लाखा'बद्दल. एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतूंच्या वसाहती असतील तरच संसर्ग, असं अनेक रिपोर्टांच्या तळाशी छापलेलं असतं. हा आकडा १९५०च्या दशकात एडवर्ड कास यांच्या कामातून आला. मूत्रपिंडाचा संसर्ग झालेल्या आणि काहीच त्रास नसलेल्या बायकांच्या लघवीत खरे जंतू कोणते आणि बाहेरून मिसळलेले कोणते, हे वेगळं करायला तो काढला होता. जळजळीने हैराण होऊन आलेल्या बाईसाठी तो ठरवलेलाच नव्हता. १९८२मध्ये वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी अशा बायकांची मूत्राशयातली लघवी थेट काढून पाहिली, तेव्हा त्यांतल्या कित्येकींत एक लाखाच्या खूप खाली, अगदी शंभरापर्यंत, जंतू सापडले. तरीही अजून 'दहा हजारच आहेत, म्हणजे काही नाही' असं सांगून लोकांना घरी पाठवलं जातं. याचा मला मनापासून राग येतो.

कोरा_कागद · बुधवार, सकाळी ८.१०

मग सरळ नियम करावा : कल्चर केल्याशिवाय अँटिबायोटिक द्यायचंच नाही. जंतूंचा औषधांना प्रतिकार वाढतोय तो असल्या अंदाजपंचे गोळ्यांमुळेच.

निदानवेडी · बुधवार, दुपारी ३.००

तुमची काळजी रास्त आहे, नियम मात्र मला पटत नाही. कल्चरला वाढ कळायला एक दिवस, कोणतं औषध चालेल हे कळायला दोन. निरोगी, गरोदर नसलेल्या तरुण बाईचा पहिलाच साधा संसर्ग असेल तर तिला दोन दिवस तडफडत ठेवून हाती बहुधा ई. कोलायच येतो. चारांतल्या तीन साध्या संसर्गांत तोच असतो.

कल्चर हवंच अशी माणसं वेगळी. गरोदर बाई, पुरुष, लहान मूल. ताप किंवा कुशीत दुखणं असलेली व्यक्ती. स्टोन किंवा कॅथेटर (लघवीसाठी मूत्राशयात घातलेली नळी) असलेली, किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया झालेली. औषध सुरू करून ४८ तासांत उतार न पडलेली. आणि रानजाईंसारखं वारंवार होणारी. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की त्याला वारंवार म्हणायचं. अशांचा नमुना आधी घ्यायचा, गोळी त्याच दिवशी सुरू करायची, रिपोर्ट आला की गरज असेल तर बदलायची.

पाणकणीस, पाण्याने जातं हे काही वेळा खरंही असतं. जर्मनीत ४९४ बायकांवर एक अभ्यास झाला, २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आधी फक्त आयबुप्रोफेन दिलं. त्यांतल्या साधारण दोन-तृतीयांश अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या. पण त्या गटाला त्रास जास्त झाला, आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याच्या घटनाही त्यांच्यातच जास्त दिसल्या. म्हणून सौम्य त्रास असेल, बाकी प्रकृती धडधाकट असेल आणि डॉक्टरांशी बोलणं झालं असेल, तर एक-दोन दिवस थांबून पाहता येतं. हुडहुडी भरून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखणं, उलट्या, यातलं काहीही आलं तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे पाण्यावर भिस्त ठेवू नका.

गवतफूल · बुधवार, रात्री ९.२५

मी फार्मासिस्ट आहे. औषधांचं मी लिहिते, निदानवेडी चुकलं तर दुरुस्त करतीलच.

साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला हल्ली पहिली पसंती नायट्रोफ्युरँटॉइनला असते, बहुधा ५ दिवस. ते जेवणाबरोबर घ्यायचं, मळमळ कमी होते आणि शोषलंही नीट जातं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरायचं नाही. दुसरा पर्याय फॉस्फोमायसिन, ३ ग्रॅमची पूड, एकदाच. ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल ३ दिवस, पण जिथे त्याला न जुमानणारे जंतू खूप आहेत तिथे कल्चरशिवाय नको.

नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसं पोचत नाही. ताप आणि कुशीत दुखणं असेल तर ते औषध कामाचं नाही. मूत्रपिंडं बरीच क्षीण झाली असतील तरी नको. जी६पीडी या तांबड्या रक्तपेशींतल्या विकराची कमतरता असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे दिवस असतील तरीही नको.

लघवीची जळजळ कमी करणारी गोड सिरपं अनेक जण स्वतःहून घेतात. ती लघवी अल्कधर्मी करतात, आणि नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं चालतं. दोन्ही एकत्र घेऊ नका. लघवी नारिंगी करणारी गोळीही असते, फेनाझोपायरिडिन. ती फक्त वेदना दाबते, जंतू मारत नाही, दोन दिवसांपुढे घेऊ नये. तिच्या रंगाने पट्टीची तपासणीही बिघडते, म्हणून नमुना तिच्या आधी.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याची भावंडं मात्र लोक सर्दीच्या गोळीसारखी मागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६मध्ये स्पष्ट सांगितलं की दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्रसंसर्गाला ही औषधं वापरू नयेत. स्नायूबंध तुटणं, नसांना इजा होणं असे दुष्परिणाम कधीकधी कायमचे राहतात. कुणाच्या उरलेल्या दोन गोळ्या घेतल्या की सगळ्याच बाजूंनी घाटा : जंतू मरत नाही, नमुना बिघडतो आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेनासं होऊ शकतं.

निदानवेडी · बुधवार, रात्री ११.४०

दुरुस्ती नाही. फक्त एक भर : पिवमेसिलिनम हे औषध उत्तर युरोपात कित्येक दशकं याच कामाला वापरतात, अमेरिकेत त्याला मान्यता २०२४मध्ये मिळाली. नवीन औषधांची वाट पाहताना जुनी औषधंही नीट सांभाळून वापरायला हवीत.

तळ्याकाठी · गुरुवार, सकाळी ६.५०

माझे वडील ८१ वर्षांचे, चार महिन्यांपासून कॅथेटर आहे. दर महिन्याला कल्चर करायला सांगतात, दर महिन्याला जंतू निघतात, दर महिन्याला अँटिबायोटिक. आता जंतू फक्त इंजेक्शनलाच दाद देतो म्हणतात. वडिलांना ताप नाही, दुखत नाही, भूक चांगली आहे. तुमच्या चर्चेवरून वाटायला लागलंय की आम्ही रिपोर्टवर उपचार करतोय.

निदानवेडी · गुरुवार, दुपारी २.१५

तळ्याकाठी, तुमची शंका बरोबर आहे. कॅथेटर घातल्यावर रोज साधारण ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत जंतू येतात, महिनाभरात जवळपास सगळ्यांच्याच. नळीच्या आतून जंतूंचा चिकट थर बसतो. तो तिथे राहतो म्हणजे माणूस आजारी आहे असं नाही. त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तर औषध द्यायचं नाही, याला दोन ठळक अपवाद : गरोदर बाई, आणि मूत्रमार्गाच्या आतलं अस्तर दुखावणारी शस्त्रक्रिया होणार असलेली व्यक्ती. लघवी गढूळ आहे, वास येतोय, एवढ्यावरही नाही.

डॉक्टरांना हे विचारा : काही लक्षण नसताना दर महिन्याचं कल्चर कशासाठी? आणि कॅथेटरची गरज अजून आहे का? पुढे कधी ताप, थंडी, अचानक भ्रमिष्टपणा आला तर मात्र थांबू नका. तेव्हा जुनी नळी काढून नवी घातल्यावर त्या नव्या नळीतून नमुना घ्यायला सांगा, पिशवीतून कधीच नाही. नुसता गोंधळलेपणा असेल तर दुसरी कारणंही शोधावी लागतात : शरीरात पाणी कमी होणं, नवीन औषध, बद्धकोष्ठ. म्हाताऱ्या माणसाचं काहीही बिघडलं की लघवीवर ढकलायचं, याने खरं कारण मागे राहतं.

चिमणचारा · गुरुवार, रात्री ८.३०

बाळांबद्दल कुणीतरी लिहा. माझी मुलगी नऊ महिन्यांची असताना तीन दिवस नुसता ताप होता, सर्दी नाही, खोकला नाही. चौथ्या दिवशी लघवी तपासली तेव्हा कळलं. पिशवी चिकटवून घेतलेल्या नमुन्यात काहीतरी निघालं, मग बारीक नळीने पुन्हा घेतला. तेव्हा मला ती क्रूरता वाटली होती.

सूक्ष्मदर्शी · गुरुवार, रात्री ९.४५

तुम्हाला तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण ज्याने ती नळी घातली त्याने तुमच्या लेकीचं भलं केलं. पिशवीतल्या लघवीला त्वचेचे जंतू लागतातच. पिशवीचा नमुना कोरा आला तर त्यावर भरवसा ठेवता येतो, जंतू आले तर नाही. दुसरी रीत म्हणजे बाळाला लघवी करताना हवेतच बाटलीत पकडणं. ओटीपोटावर थंड पाण्यात भिजवलेला कापूस हळूहळू फिरवला की बरीच बाळं काही मिनिटांत करतात.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कारण सापडत नसलेला ताप असेल तर लघवी तपासायचीच. त्या वयात मूल जळजळ सांगू शकत नाही, आणि उपचाराला उशीर झाला तर मूत्रपिंडावर व्रण राहू शकतात.

पांथस्थ · शुक्रवार, सकाळी ७.०५

पुरुषांनाही होतो. मी ५२ वर्षांचा. जळजळ 'बायकांचा आजार' समजून आठवडाभर अंगावर काढली, मग ताप आला. प्रोस्टेटला सूज होती. औषध कित्येक आठवडे चाललं. पुरुषाला असं झालं तर लाजू नये, पहिल्याच दिवशी कल्चर द्यावं.

शांतसंध्या · शुक्रवार, दुपारी ४.२०

मी ६१. पाळी गेल्यावर तीन वर्षं दर दोन महिन्यांनी हेच. शेवटी एका डॉक्टरांनी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. हार्मोन म्हटल्यावर मी आधी नकोच म्हणाले, सहा महिने क्रीम तसंच ठेवून दिलं. ते सहा महिने वाया गेले याचं आजही वाईट वाटतं. वर्षभरात एकदाच संसर्ग झाला.

निदानवेडी · शुक्रवार, रात्री १०.१०

शांतसंध्या, बरं केलंत लिहिलंत. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, तिथले राखणदार लॅक्टोबॅसिलस कमी होतात, आम्लता उतरते आणि आतड्यातल्या जंतूंना वाट मोकळी होते. १९९३च्या एका अभ्यासात क्रीम लावणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, न लावणाऱ्यांना ५.९ वेळा. क्रीम त्या जागेपुरतंच काम करतं, रक्तात फारच कमी जातं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांशी बोलावं.

रानजाईंच्या वयासाठी : रोज दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या १४० बायकांवरचा अभ्यास २०१८मध्ये आला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे पाण्याचा उपयोग पुढचा संसर्ग टाळायला जास्त. क्रॅनबेरीने काही जणींना वारंवारता कमी झाल्याचं दिसतं, चालू संसर्ग मात्र तिने बरा होत नाही. डी-मॅनोज या साखरेचा गाजावाजा खूप, पण २०२४च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. मेथेनामिन हे अँटिबायोटिक नसलेलं औषध प्रतिबंधासाठी चांगलं चालतं, त्याबद्दल विचारा. शुक्राणुनाशक जेली वापरत असाल तर गर्भनिरोधाची पद्धत बदला.

आणि कल्चर खरोखरच पुन्हा पुन्हा कोरं येत असेल, तर जळजळीची दुसरी कारणं शोधायची : योनीचा संसर्ग, लैंगिक संबंधातून होणारा क्लॅमिडिया, खडा, मूत्राशयाच्या वेदनेचा आजार. पू-पेशी भरपूर आणि वाढ शून्य असेल तर क्षयही. उपचारानंतरही लघवीत रक्त राहिलं तर ते कधीच सोडून द्यायचं नाही.

रानजाई · तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११.००

परवा पाचव्यांदा झालं. पहाटे चारला. गोळीला हात लावला नाही. पहिलीच लघवी, मधली धार, बाटलीत. सात वाजेपर्यंत फ्रिजमध्ये, प्रयोगशाळा उघडताच दिली. फॉर्मवर स्वतः लिहिलं : 'अँटिबायोटिक घेतलेलं नाही, तीव्र जळजळ आहे, कमी संख्याही कळवा.' डॉक्टर या खेपेला नवीन होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच सकाळी नायट्रोफ्युरँटॉइन सुरू केलं.

रिपोर्ट आज आला. ई. कोलाय, दहा हजार. नायट्रोफ्युरँटॉइन लागू. आणि मी दुसऱ्या वेळी घरातल्या उरलेल्या ज्या गोळ्या घेतल्या होत्या, त्या औषधासमोर 'आर', म्हणजे लागू नाही. जळजळ कालच थांबली आहे. सोनोग्राफीत मूत्रपिंडं ठीक आहेत, लघवी करून झाल्यावर मूत्राशय पूर्ण रिकामं होतं. पाणी मोजून वाढवलं आहे. पुढच्या वेळेसाठी डॉक्टरांनी कल्चरची चिठ्ठी आधीच लिहून दिली आहे, निर्जंतुक बाटली कपाटात आहे.

सूक्ष्मदर्शी · रविवार, दुपारी १२.४०

फॉर्मवरच्या त्या ओळीसाठी मनापासून आभार. बाटलीवरची मुदत बघून ठेवा, आणि वेष्टन फाटलं असेल तर ती वापरू नका.